जन्मात गोळी न खाल्लेला पोरगा

दर एकवीस दिवसांनी माय आणि सुखा मोहाडीच्या दवाखान्यात जायचे, आणि त्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात जळायचं. सुखा म्हणजे सुखदेव, माझा धाकटा भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. लहानपणी त्याचे गुडघे आणि घोटे सुजले होते, ताप आला होता, आणि तो ताप उतरता उतरता त्याच्या काळजाला काहीतरी करून गेला. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी त्याला कमरेत एक सुई घ्यावी लागे. ती फार दुखते असं तो सांगायचा, पण मला ते कधी खरं वाटलं नाही. मला दिसायचं ते वेगळंच. माय त्या दिवशी पेटीतलं जांभळं लुगडं काढायची. एस.टी.त सुखाला खिडकीजवळ बसवायची, कारण गर्दीत त्याला धाप लागायची. दवाखान्याच्या फाटकासमोर एक हातगाडी उभी राहायची, तिथं दोघं गरम आलूबोंडे खायचे. दोन आलूबोंडे वर्तमानपत्राच्या कागदात बांधून माझ्यासाठी यायचे, तेही थंड होऊन, कागदाची शाई अंगाला लावून. मी ते गोठ्यात जाऊन उभ्या उभ्या खायचो, म्हणजे मी वाट पाहत बसलो होतो असं कोणाला वाटू नये.

आमचं घर तलावाच्या पाळीला लागून होतं. पहाटे बदकं आणि पाणकोंबड्या ओरडायच्या, त्यांच्या पाठोपाठ बाबांचं खाकरणं, मग मायची चूल. हिवाळ्यात तुरीचं वरण, भात, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी आणि वरून मूठभर सांबार, आमच्याकडची कोथिंबीर, एवढं असलं की घरात कोणाला दुसरं काही नको असायचं. ताटं मात्र दोन तऱ्हेची लागायची. सुखाच्या ताटात मीठ कमी, तेल कमी, भात मऊ, आणि तो निवेपर्यंत माय त्याच्यासमोर बसून राहायची. माझ्या ताटात भाताचा डोंगर रचला की तिचं माझ्यापुरतं काम संपायचं. "देवा, बाबू, सुखाले बाल्टी उचलू देऊ नोको," "देवा, सुखाले बोडीच्या पाण्यात नेऊ नोको," "देवा, सुखा झोपला हाये, हळू चाल." दिवसभर माझं नाव तिच्या तोंडी असायचं, पण प्रत्येक वाक्यात पुढं सुखा यायचाच. मी कितीदा तरी मुद्दाम ओला बसून राहिलो असेन, ताप यावा म्हणून. तो काही आला नाही. माझी तब्येत इतकी ठणठणीत होती की तिचाच मला राग यायचा.

त्या बदल्यात बाबांनी मला एक गोष्ट दिली होती. चार माणसं अंगणात बसली, पानाचा डबा फिरला, की ते माझ्याकडं मान करायचे. "याले पाहा जी. जन्मात गोळी नाई खाल्ली या पोट्ट्यानं. दवाखान्याचं तोंड नाई पाह्यलं. अन् थो लहाना, त्याले हवा लागली का चालली एस.टी. मोहाडीले." माणसं माझ्या दंडाकडं बघायची. सुखा पडवीतच बसलेला असायचा, त्याला ऐकू जायचं, आणि मला ते ऐकू जावं असंच वाटायचं. खोटं कशाला बोलू? घरात मायेचं माप त्याच्याकडं गेलं होतं, तर शाबासकीचं माझ्याकडं होतं, आणि त्यातला एक दाणाही मी त्याच्याकडं सांडू देणार नव्हतो. आज तरुण पोरं दवाखान्यात का जात नाहीत यावर मोठमोठी माणसं बोलताना ऐकतो तेव्हा मला आमचं ते अंगण आठवतं. भीती असते, लाज असते, पैशाची ओढाताण असते, सगळं खरं. पण माझ्याजवळ घरात उभं राहायला एवढी एकच जागा होती. आजारी पडलो की तीही गेली.

आमच्या गावात धान कापून, बांधून झालं की शेवटच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेवटच्या तुकड्यातल्या, उरल्यासुरल्या पेंड्यांचा एकच मोठा भारा बांधायची रीत होती. तो भारा मजुराच्या डोक्यावर देत नसत. घरच्याच माणसानं तो उचलायचा आणि वाटेत कुठंही न टेकवता खळ्यावर आणायचा. खळ्याच्या तोंडाशी घरची बाई तांब्या घेऊन उभी राहायची. भारा आणणाऱ्याच्या पायावर ती पाणी टाकायची, वाकून पाय पुसायची, कपाळाला कुंकू लावायची, आणि मगच भारा खाली उतरायचा. मिसरूड फुटल्यापासून आमच्या घरचा शेवटचा भारा मी आणत होतो. वर्षातून तेवढा एकच दिवस माय माझी वाट बघत उभी असायची. दुरून तिचं जांभळं लुगडं दिसायचं. मोहाडीला जाताना नेसायची तेच, पण त्या दिवशी ते माझ्यासाठी असायचं. मानेच्या शिरा ताणल्या जायच्या, डोळ्यांत घाम जायचा, आणि मी मनात म्हणायचो, हे तर सुखाच्या बापजन्मात होणार नाही. बाप आमचा एकच होता, हे रागात लक्षात राहत नसे.

मी बावीस-तेवीस वर्षांचा असेन. पावसाळ्यात चिखलणीच्या दिवसांत एकदा नांगर उचलून धुऱ्यापलीकडं, बांधाच्या त्या बाजूला, टाकला आणि जांघेत काहीतरी सटकल्यासारखं झालं. रात्री पाहिलं तर उजव्या बाजूला सुपारीएवढा फुगा होता. आडवं पडून दाबला की आत जायचा, उभं राहिलो की परत यायचा. दिवाळीपर्यंत सुपारीचा लिंबू झाला. आंत उतरणं, दवाखान्यात ज्याला हर्निया म्हणतात, ते मी ऐकून होतो. गावात एका म्हाताऱ्याला ते होतं, आणि पोट्टे त्याच्या चालण्याची नक्कल करायचे. दाखवायचं कोणाला? गावात उपकेंद्र होतं, पण तिथल्या नर्सबाई दर आठवड्याला आमच्या ओसरीत चहा प्यायला यायच्या. त्यांच्यासमोर मी धोतर सोडायचं? त्यात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवसांत मला पाहायला पाव्हणे येणार होते. आणि ही सगळी कारणं बाजूला सारली तरी खालचं एक कारण हलत नव्हतं. मी दवाखान्यात गेलो तर अंगणात बाबा कोणाकडं मान करतील?

मग मी एक जुना दुपट्टा फाडला, त्यात रबरी चेंडूची अर्धी फाक घालून ती त्या जागी ठेवली आणि वरून करकचून बांधायला लागलो. अंघोळीला तलावाच्या दूरच्या घाटावर एकटा जायचो. दुखणं वाढलं तेव्हा सुखाच्या औषधांच्या डब्यातून गोळ्या चोरायला लागलो. त्याच्या सांध्यांसाठी आणलेल्या पांढऱ्या गोळ्या होत्या त्या. एक घेतली की अर्धा दिवस निघायचा. एकदा तर बाबा अंगणात नेहमीचं सांगत होते, "जन्मात गोळी नाई खाल्ली," आणि माझ्या जिभेवर त्याच गोळीची कडू भुकटी होती. मी मान खाली घालून हसलो. सगळ्यांना वाटलं, पोरगा लाजला. सुखा पडवीतून माझ्याकडं बघत होता. त्याच्या डब्यातल्या गोळ्या कधीच कशा संपत नाहीत, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

त्या वर्षी शेवटच्या भाऱ्याच्या आदल्या दिवशी सुखा बांधीच्या धुऱ्यावर माझ्याजवळ येऊन बसला. त्याला शेतात यायला मनाई होती, तरी आला होता.

"दादा, यंदाचा भारा तू नोको उचलू."

"काहून? तू उचलतं का?"

"मी नाई. बाबा उचलतील, नाई तर गड्याले देऊ. एक साल रीत मोडली त काय आभाळ पडते?"

"तुले काय पोटात दुखून राहिलं? माय माह्यासाठी उभी राह्यते थे पाहवत नाई ना?"

तो गवताची काडी तोडत बसला, मग उठून हळूहळू पाळीनं घराकडं गेला. त्याची पाठ बघून मला बरं वाटलं. बोचलं ते नेमकं बोचलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पेंड्या मुद्दामच जास्त लावायला सांगितल्या. दोन गड्यांनी भारा उचलून माझ्या डोक्यावर दिला तेव्हा जांघेतली बांधणी जागची सरकली. शेतापासून खळ्यापर्यंत चार धुरे, एक नाला आणि तलावाची अर्धी पाळ. नाला उतरताना आत काहीतरी पिळलं. अंगावर थंड घाम आला. मी टेकवू शकलो असतो, मागून येणारा गडी तसं म्हणालाही. पण पाळीवर चढलो आणि जांभळं लुगडं दिसलं. मग कसला टेकवतो! माय तांब्या घेऊन उभी होती. तिनं पाणी टाकलं, ते पायावर बर्फागत लागलं. तिनं वाकून माझे पाय पुसले, कुंकू लावलं आणि म्हणाली, "माहा वाघ हाये." मी हसलो. भारा उतरवला आणि ताठ चालत धानाच्या पुंजण्यामागं, रचलेल्या पेंड्यांच्या आड, गेलो. तिथं भिंतीला धरून ओकलो.

लोकांनी शोधलं तेव्हा मी गुडघे पोटाशी घेऊन पडलो होतो. फुगा दगडासारखा घट्ट झाला होता आणि आत जात नव्हता. बाबा म्हणाले, "राती पोपटाची भाजी लय चेपली यानं. अजीर्ण हाये. ओवा द्या." कोणी ओवा आणला, कोणी पाठ चोळली. मी सगळ्यांना हो हो म्हणत होतो, अजीर्णच आहे, जरा पडतो. अजून तासभर तसाच पडलो असतो तर हे लिहायला राहिलो नसतो. पण गर्दीतून सुखा आत घुसला, माझ्याजवळ बसला आणि सरळ धोतराच्या गाठीला हात घातला. मी त्याला शिवी दिली, हात झटकला. त्यानं ऐकलं नाही. चेंडूची फाक निघाली, ती त्यानं बाबांसमोर धरली.

"अजीर्ण नोहे, बाबा. आंत अडकली हाये याची. दवाखान्यात माह्या बाजूच्या खाटेवर पाह्यला मी असा माणूस. आता भंडाऱ्याले नेलं नाई त मरंल हा."

"हळू बोल," बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "बाया हायेत."

"असू द्या बाया! गाडी पाहा!"

बाबांसमोर तो आवाज चढवतोय हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. बाबा जागचे हलले नाहीत. तेव्हा सुखा उठला आणि पळाला. ज्या पोराला एक बादली उचलू देत नव्हते, तो पाळीवरून सडकेपर्यंत पळत गेला आणि राइस मिलचा धान भरायला आलेला मेटाडोर अडवून घेऊन आला. आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. मला मागं पोत्यांवर टाकलं, शेजारी त्यालाही टाकलं. माय दोघांच्या मधे बसली.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. सकाळी डोळे उघडले तर पलीकडच्या खाटेवर सुखा होता, नाकाला नळी लावलेला. मधल्या लोखंडी स्टुलावर माय संत्रं सोलत बसली होती. डॉक्टर येऊन काय सांगून गेले, किती टाके पडले, हे मी नंतर ऐकलं. तेव्हा मात्र मी फक्त त्या संत्र्याकडं बघत होतो. तिनं शिरा काढल्या, बी काढली आणि पहिली फोड सवयीनं सुखाच्या तोंडात दिली. खरं सांगतो, त्याच माणसानं मला आदल्या दिवशी वाचवलं होतं, आणि तरी माझ्या पोटात जुनंच जळलं. मला अजून काही खायची परवानगी नाही हे तिनं सांगितलं तेव्हाही ते विझलं नाही.

माय खाली पाणी आणायला गेली तेव्हा तो हळूच बोलला. "दादा, तू माह्या गोळ्या घेत होता, मले माहीत होतं."

"कवापासून?"

"दिवाळीपासून. मी डॉक्टरले सांगून गोळ्यांचे दोन पत्ते मागून आणत होतो. एक तुह्यासाठी."

"मंग सांगतलं काहून नाई कोणाले?"

तो वरच्या पंख्याकडं बघत म्हणाला, "मले बरं वाटत होतं. बाबा अंगणात बोलत, तवा मी मनात म्हणो, बोला, बोला, त्याच्याही पोटात माहीच गोळी हाये." मग म्हणाला, "तुले कोणी 'जपून' म्हणत नाई, दादा. तू तलावात उडी मारतं त कोणी पाळीवर उभं राहून बोंबलत नाई. मी तुह्यावर किती जळलो, तुले काय माहीत."

मी त्याच्यावर जळतो हे मला पाठ होतं. कोणी माझ्यावर जळत असेल, आणि तेही माझ्या थंड आलूबोंड्यांवर, माझ्या उघड्या अंगावर, माझ्याकडं कोणी लक्ष देत नाही यावर, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. डोळे भरून आले. पण टाके दुखत होते म्हणून आले असं मी त्याला सांगितलं.

खळ्यावरच्या माणसांना गप्प बसवून बाबांनी गावात वेगळंच सांगून ठेवलं होतं. मी काठी टेकत घरी आलो तर अंगणात माणसं जमलेली. "बैलानं शिंग मारलं जी," बाबा म्हणत होते, "आतडं बाहेर येत होतं, पण पोट्टा हू का चू नाई बोलला." माणसं माझ्याकडं बघत होती, पूर्वीपेक्षा जास्त आदरानं. मी सुखाकडं पाहिलं. तो खाली मान घालून उंबऱ्याशी बसला होता. मी म्हणालो, "हो, शिंग लागलं." पाव्हण्यांनाही तेच सांगितलं, लग्नानंतर बायकोलाही तेच. पुढं मुलगा झाला, निखिल. तो पाच-सहा वर्षांचा असताना जांघेवरचा व्रण बघून विचारायचा, तेव्हा मी त्याला बैलाचा रंग, शिंगांचा आकार, सगळं रंगवून सांगायचो. खोटं इतकं मुरलं होतं की कधी कधी मलाच तो बैल आठवायचा.

आता बाबा नाहीत, माय नाही. सुखा आहे. नागपूरला त्याच्या काळजाची एक झडप बदलली, तेव्हापासून तो हळू चालतो, पण चालतो. निखिल चोवीस वर्षांचा आहे. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे तलावाच्या पाळीवर धावतो. यंदा काही महिन्यांपासून त्याचं धावणं मला वेगळं वाटत होतं. मधेच थांबायचा, जांघेशी हात न्यायचा, कोणी बघतंय का ते पाहायचा. मी बघितलं होतं. मला कळलंही होतं, माझ्याएवढं ते कोणाला कळणार? पण मी विचारलं नाही. उलट चहाच्या टपरीवर एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या निखिलनं जन्मात गोळी नाई खाल्ली जी." आवाज माझा होता, पण बोलणं सगळं बाबांचं. निखिल तिथंच उभा होता. मान खाली घालून हसला.

गेल्या आठवड्यात दुपारी तो आणि सुखा मोटारसायकलवर घरी आले. निखिलच्या हातात वर्तमानपत्राचा पुडा होता, तेलानं डागाळलेला.

"कुठं गेला होता?" मी विचारलं.

"काकाची सुई होती," निखिल म्हणाला.

सुखाची सुई बंद होऊन पंधरा वर्षं झाली. मी पुड्याकडं बघितलं, सुखाकडं बघितलं. त्यानं नजर चुकवली नाही. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? पोराची काळजी नाही. ती नंतर आली. पहिल्यांदा वाटलं, माझा पोरगा, माझ्या रक्ताचा, आणि दवाखान्यात गेला तो सुखासोबत. फाटकासमोर उभं राहून गरम आलूबोंडे त्याच्यासोबत खाल्ले. आणि मला परत पुडा आला. साठीला आलेल्या माणसाच्या पोटात अजून तेच लाकूड जळतं, हे कबूल करायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

सुखा पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेला. मी निखिलला जवळ बसवलं.

"ऑपरेशन कवा हाये?"

तो दचकला. मग हळूच म्हणाला, "सोमवारी."

"मी येऊ का?"

"तुम्ही कायले येता, बाबा? काका हायेत ना."

मी पुड्याची दोरी सोडली. एवढ्या वर्षांत जे कोणाला बोललो नव्हतो ते बोलायला तोंड उघडलं. "बाबू, एक सांगायचं हाये तुले. हा व्रण... बैलानं नाई मारलं मले. शिंग नोहे थे."

निखिलनं पुड्यातला एक आलूबोंडा काढून माझ्या हातात दिला. "माहीत हाये," तो म्हणाला. "काकानं सांगतलं. म्हणून तं गेलो मी."